‘हो’ कोणत्या भाषेत? वाओरानी लोक, त्यांची भाषा आणि जमिनीखालचं तेल

मार्च २०२५ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाचा एक निकाल जाहीर झाला. इक्वेडोर या देशाने आपल्याच जंगलात एकांतात राहणाऱ्या दोन आदिवासी गटांच्या हक्कांचं रक्षण केलं नाही, असं न्यायालयाने ठरवलं. यासुनीच्या जंगलातलं तेल काढणं थांबवा, जनतेने २०२३ मध्येच तसा कौल दिलाय, त्याची अंमलबजावणी करा, असंही सांगितलं. बातमी वाचायला घेतली की यासुनी, वाओरानी, तागाएरी, तारोमेनाने, ब्लॉक ४३ अशी नावांची रांगच लागते. दुसऱ्या परिच्छेदाला कुणीही पान उलटेल.

पण पान उलटू नये अशी ही गोष्ट आहे. सगळा गुंता शेवटी एका साध्या प्रश्नापाशी येतो. कुणाच्या घराखाली खणायचं असेल तर त्याला आधी विचारायला हवं, हे आता बहुतेक देश मान्य करतात. पण विचारायचं कोणत्या भाषेत? आणि समोरचा ‘हो’ म्हणाला, तर तो नेमका कशाला ‘हो’ म्हणाला, हे कसं ठरवायचं?

## वाओरानी म्हणजे कोण?

इक्वेडोर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, आकाराने महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान. देशाच्या मधून अँडीज पर्वताची रांग जाते. पर्वताच्या पूर्वेला उतरलं की ॲमेझॉनचं खोरं सुरू होतं. तिथे नापो आणि कुरारय या दोन नद्यांच्या मधल्या जंगलात वाओरानी राहतात. आज त्यांची संख्या जेमतेम काही हजार आहे. १९५० च्या दशकात तर ते पाचशेच्या आसपास होते आणि सुमारे २० हजार चौरस किलोमीटर जंगलात पांगलेले होते.

त्यांच्या भाषेत ‘वाओ’ म्हणजे माणूस आणि ‘वाओरानी’ म्हणजे माणसं. बाहेरच्या सगळ्यांना ते ‘कोवोरे’ म्हणतात. पूर्वी या शब्दाला नुसता ‘परका’ एवढाच अर्थ नव्हता, माणसं खाणारा असाही होता. त्यामागे अनुभव होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला रबराचा चीक गोळा करणाऱ्यांच्या टोळ्या या जंगलात घुसल्या. त्या आदिवासींना गुलाम म्हणून धरून न्यायच्या आणि नेलेली माणसं परत यायची नाहीत. तर वाओरानींना शेजारच्या किचवा भाषेतून मिळालेलं नाव होतं ‘आउका’, म्हणजे रानटी. पुढे अमेरिकेच्या टेक्साको कंपनीने तेलासाठी वाओरानींच्या मुलखात रस्ता काढला, त्याचं नाव पडलं ‘विया आउका’. रानटी लोकांचा रस्ता! ते नाव आजही चालू आहे.

जानेवारी १९५६ मध्ये पाच अमेरिकन मिशनरी कुरारय नदीच्या काठच्या वाळूवर विमान उतरवून वाओरानींना भेटायला गेले. त्याआधी काही आठवडे ते विमानातून भेटवस्तू सोडत होते. दायुमा नावाची एक वाओरानी तरुणी काही वर्षांपूर्वी कुळातल्या हत्याकांडातून जीव वाचवून बाहेर पळाली होती. तिच्याकडून शिकलेली मोजकी वाक्यं, एवढीच काय ती त्यांची भाषेची शिदोरी. पाचही जण भाल्यांनी मारले गेले. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांच्यापैकी एकाची बहीण आणि दुसऱ्याची विधवा पत्नी दायुमाच्या सोबतीने वाओरानींच्या वस्तीत जाऊन राहिल्या आणि भाषा शिकल्या. तेव्हा कुठे संवाद सुरू झाला.

त्या संवादातून जे आलं ते सगळंच गोड नव्हतं. मिशनभोवती माणसं एकवटली आणि १९६९ मध्ये तिथे पोलिओची साथ आली. काही दगावले, काही कायमचे अपंग झाले. विखुरलेली कुळं एका कोपऱ्यात आल्यामुळे बाकीच्या जंगलात तेल शोधणाऱ्यांना रान मोकळं झालं. मात्र सूडापोटी एकमेकांवर भाले चालवण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं चक्र थांबलं, हेही खरं. त्याचं समाधान खुद्द अनेक वृद्ध वाओरानींनी बोलून दाखवलंय. कोणतीही एक बाजू लपवली तर ही गोष्ट समजत नाही.

## ‘एकाकी भाषा’ ही काय भानगड आहे?

वाओरानींची भाषा ‘वाओ तेरेरो’. (काही जण ‘वाओ तेदेदो’ लिहितात. मधला तो उच्चार र आणि ड यांच्या अधेमधे पडतो.) भाषाशास्त्रज्ञ तिला एकाकी भाषा म्हणतात. जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषेशी जिचं नातं सिद्ध झालेलं नाही, ती एकाकी भाषा.

बहुतेक भाषांना भाऊबंद असतात. मराठीची सख्खी बहीण कोकणी, चुलत बहिणी गुजराती, हिंदी, बंगाली. जरा लांबचे नातेवाईक शोधायला निघालो तर थेट युरोपात पोचतो. इक्वेडोरची राजभाषा स्पॅनिश आहे. स्पॅनिशमध्ये दोनला दोस म्हणतात, तीनला त्रेस, नऊला नुएवे, दहाला दिएस. हा योगायोग नाही. मराठी आणि स्पॅनिश एकाच मोठ्या भाषाकुलातल्या आहेत. म्हणजे पुण्यात बसून आपण बोलतो ती भाषा स्पॅनिशला नात्याने जवळची. आणि वाओरानींचं जंगल त्याच देशात असून, शेजारच्या नदीवरच किचवा बोलली जात असून, वाओ तेरेरोचं दोन्ही भाषांशी काहीही नातं नाही.

असं उदाहरण आपल्याकडेही आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली भाषा बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. तिच्यात कोरकूचे, मराठीचे ढीगभर शब्द शिरलेत, पण गाभा उघडला की तो कोरकूचाही नाही, मराठीचाही नाही आणि द्रविडी भाषांचाही नाही. म्हणून तिलाही एकाकी म्हणतात. आपल्याच राज्यातल्या या भाषेत जिल्ह्याच्या कार्यालयातली एखादी नोटीस कुणी समजावून देऊ शकेल का, एवढा विचार केला तरी वाओरानींची अडचण लक्षात येते.

वाओ तेरेरो ऐकायला कशी आहे? तिच्यात पाच साधे स्वर आहेत आणि त्याच पाचांच्या नाकातून उच्चारायच्या पाच जोड्या. स्वर नाकात गेला की शब्दाचा अर्थ बदलू शकतो. कोकणातल्या बोलण्यात असे नाकातले स्वर अजून कानावर पडतात. जुन्या मराठी पुस्तकांत ‘घरें’, ‘केलें’ यांवर दिसणारे अनुस्वार त्याच उच्चारांच्या खुणा होत्या. बहुतेकांच्या बोलण्यातून उच्चार गेला होताच, १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी लेखनातूनही ते अनुस्वार काढले. वाओ तेरेरोत मात्र ही शब्दाला शब्दापासून वेगळं करणारी जिवंत गोष्ट आहे.

मोजणी तर फारच सुरेख आहे. एक आणि दोनला स्वतंत्र शब्द. तीन म्हणजे ‘दोन आणि एक’. चार म्हणजे ‘मेआ गो मेआ’, दोन आणि दोन. पाचाच्या शब्दात हात येतो. हे वाचून ‘म्हणजे त्यांना मोजता येत नाही’ असं कुणी म्हणेल, तर ती मोठी चूक होईल. जंगलात शिकार करून, कंद लावून जगणाऱ्याला हजार-लाख लागले नाहीत, म्हणून भाषेने ते घडवले नाहीत. त्याला जे लागलं, त्यासाठी बारीक बारीक शब्द आहेत. नामाला आणि क्रियापदाला लावायचे प्रत्यय वस्तूचा आकार-प्रकार सांगतात. ती झाडासारखी आहे, पानासारखी आहे, बीसारखी आहे की पातळ आहे, हे शब्दातच कळतं.

शिकारीची फुंकनळी घ्या. माणसाच्या उंचीपेक्षा लांब, ताडाच्या कठीण लाकडाची, दोन अर्ध्या पट्ट्या कोरून जोडलेली. तिच्या बाणाच्या टोकाला लावायचं विष एका वेलीच्या सालीतून काढतात. साल खरवडायची, पानाच्या द्रोणासारख्या शंकूत भरायची, वरून पाणी सोडायचं, खाली थेंब थेंब गळेल ते उकळून घट्ट करायचं. माकडाला बाण लागला की विषाने त्याचे स्नायू सैल पडतात आणि ते फांदीवरून खाली येतं. तेच मांस खाणाऱ्याला मात्र बाधत नाही. कोणती वेल, केव्हा काढायची, किती आटवायची हे ज्ञान पुस्तकात नाही. ते वाओ तेरेरोत आहे, आणि ती वेल त्या जंगलात आहे. दोन्हींपैकी एक गेलं तर दुसऱ्याचं काय करायचं?

## सातबारा नावावर, पण...

आता जमिनीकडे येऊ. इक्वेडोर सरकारने वाओरानींना जमिनीची सनद दिली, तीही टप्प्याटप्प्याने. सर्वांत मोठा तुकडा १९९० मध्ये मिळाला, सुमारे सहा लाख हेक्टरचा. मूळ मुलखाच्या साधारण तिसरा हिस्सा. ही जमीन कुणा एकाच्या नावावर नाही. ती सामूहिक आहे आणि विकता येत नाही.

आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. मालक म्हणून नाव तुमचं, पण त्या रकान्यात बँकेचा बोजा, कुणाची वहिवाट, कुळाचा हक्क असं काय काय लिहिलेलं असतं. जमीन घेणारा शहाणा माणूस आधी तो रकाना वाचतो. वाओरानींच्या सनदेत असा रकाना नसला तरी अर्थ तोच होता. जमिनीखालचं सगळं सरकारचं, आणि तेलाच्या कामात अडथळा आणायचा नाही, या अटीवर जमीन तुमची. इक्वेडोरच्या राज्यघटनेनुसार भूगर्भातली संपत्ती राष्ट्राच्या मालकीची आहे. मग नकाशावर चौकटी आखल्या जातात, त्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात. चौकटीला क्रमांक देतात आणि तेल शोधण्याचा हक्क कंपनीला लिलावाने देतात. खाली राहणाऱ्याला आपण ब्लॉक २२ मध्ये राहतो हे कळतसुद्धा नाही.

यासुनी राष्ट्रीय उद्यान १९७९ मध्ये झालं, १९८९ मध्ये युनेस्कोने त्या भागाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. तिथल्या एका हेक्टरात, म्हणजे अडीच एकरांत, झाडांच्या सहाशेहून जास्त जाती मोजल्या गेल्या आहेत. एवढं असूनही १९९० मध्ये उद्यानाची हद्द बदलली आणि तेलाचा एक मोठा ब्लॉक उद्यानाबाहेर, वाओरानींच्या जमिनीत, गेला. उद्यानात तेल काढणं लोकांना पटलं नसतं, आदिवासींच्या जमिनीत ते खपून गेलं. हे वाचताना मला प्रत्येक वेळी संताप येतो.

## विचारलं, म्हणजे नक्की काय केलं?

इक्वेडोरने १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार मान्य केला. २००८ च्या नव्या राज्यघटनेतही आदिवासींच्या जमिनीत काही काढायचं असेल तर त्यांच्याशी ‘आधी, मोकळेपणाने आणि पूर्ण माहिती देऊन’ सल्लामसलत करायची, असं लिहिलं. थोडक्यात याला पूर्वसल्लामसलत म्हणू. ‘आधी’ म्हणजे कंत्राट देण्यापूर्वी. ‘मोकळेपणाने’ म्हणजे धाक किंवा आमिष न दाखवता. ‘पूर्ण माहिती देऊन’ म्हणजे फायदा सांगायचा तसा तोटाही सांगायचा, तोही समोरच्याला समजेल असा.

२०१२ मध्ये सरकारने अशी सल्लामसलत केल्याचं जाहीर केलं. पास्तासा प्रांतातल्या वाओरानी गावांना रस्ता नाही. बरेच तास नदीने जा, नाहीतर गवताच्या धावपट्टीवर छोटं विमान उतरवा. गावकऱ्यांनी पुढे न्यायालयात सांगितलं की अधिकारी विमानाने आले, थोडा वेळ थांबले आणि परत गेले. काय बोलले ते स्पॅनिशमध्ये, आणि जेवढं भाषांतर झालं त्यातून काही कळलं नाही. ‘पिकेनानी’ म्हणजे गावातली वडीलधारी मंडळी, ज्यांच्याशिवाय कुठलाही निर्णय होत नाही. त्यांना तर तेलासाठी विचारणा चालली आहे हेच समजलं नव्हतं.

इथे वाओरानींची रीत समजून घ्यायला हवी. त्यांच्याकडे परंपरेने कुणी राजा नाही, पाटील नाही. एकत्र बसायचं, बोलत राहायचं, सगळ्यांचं जमेपर्यंत उठायचं नाही. त्यामुळे एका माणसाची सही घेऊन ‘गावाने मान्यता दिली’ म्हणणं तिथे लागू पडत नाही. आपल्याकडे हा फरक पटकन कळेल. सरपंचाची सही वेगळी आणि ग्रामसभेचा ठराव वेगळा. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या आधारे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांवर सोपवला, तेव्हा डोंगरातल्या बारा ग्रामसभांनी एकापाठोपाठ एक नकार दिला. तिथे लोकांनी स्वतःच्या सभेत, स्वतःच्या बोलीत उत्तर दिलं होतं.

वाओरानी २०१९ मध्ये पुयो शहरातल्या न्यायालयात गेले. त्यांची आघाडी नेमोंते नेंकिमो या तरुण वाओरानी नेत्याने सांभाळली. पुढच्याच वर्षी तिला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. मार्चमधली पहिली सुनावणी मात्र सुरू होताच अडखळली. न्यायालयात वाओ तेरेरोचा मान्यताप्राप्त दुभाषाच नव्हता. आपल्याला न समजणाऱ्या भाषेत आपल्याविषयी बोललं गेलं, एवढ्यावर तर खटला उभा होता आणि न्यायालयही तेच करायला निघालं होतं! पिकेनानी स्त्रिया गायला लागल्या. चेहऱ्यावर लाल रंग, डोक्यावर पिसांचे मुकुट, आणि थांबायचं नाव नाही. वकिलांचा, न्यायाधीशांचा आवाज त्यात ऐकू येईना. सुनावणी तहकूब करावी लागली. ती पुन्हा सुरू झाली ती एप्रिलमध्ये.

२६ एप्रिल २०१९ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला की २०१२ ची सल्लामसलत ही सल्लामसलत नव्हतीच. ब्लॉक २२ मधली सुमारे १ लाख ८० हजार हेक्टर जमीन लिलावापासून वाचली. तीन मुंबया मावतील एवढं जंगल. जुलैमध्ये वरच्या न्यायालयानेही हा निकाल कायम केला.

खटल्याच्या आधी काही वर्षं गावकरी नकाशा करत होते. सरकारी नकाशात या मुलखात नद्यांच्या निळ्या रेषा आणि ब्लॉकच्या चौकटी होत्या, मधे सगळी हिरवी पोकळी. तरुण मुलं हातात जीपीएस यंत्र घेऊन वृद्धांच्या मागून चालत गेली. इथे रानडुकरं चिखलात लोळतात, इथे जग्वारची वाट, इथे ती औषधाची वेल, इथे पूर्वी अमक्याचं घर होतं, या ओढ्यात हे मासे. अशा दहा हजारांहून अधिक जागांची नोंद झाली. चिन्हंही गावकऱ्यांनी स्वतः काढलेली. न्यायालयात हा नकाशा पसरला तेव्हा हिरवी पोकळी उरली नाही. माझ्या मते खटला निम्मा तिथेच जिंकला गेला. कारण प्रत्येक ठिपक्यामागे वाओ तेरेरोतलं एक नाव होतं, आणि ते सांगणारा माणूस शेजारीच उभा होता.

## म्हणजे आता तिथे तेल कधीच निघणार नाही?

तसं नाही. इक्वेडोरच्या कायद्यात विचारण्याचं बंधन आहे, पण लोकांचा नकार सरकारवर शंभर टक्के बंधनकारक आहे असं राज्यघटना सरळ म्हणत नाही. २०१९ च्या निकालाने सांगितलं ते एवढंच की नीट विचारलं नाही, म्हणून ते रद्द. सरकार पुन्हा, रीतसर, विचारू शकतं. वाओरानींना याची पूर्ण जाणीव आहे. म्हणून निकालानंतरही त्यांचे मेळावे चालूच राहिले.

## गरीब देशाने मूठभर लोकांसाठी एवढं तेल सोडायचं का?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. इक्वेडोर श्रीमंत देश नाही. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग तेलातून येतो, त्यातून शाळा चालतात, पगार होतात.

इक्वेडोरने स्वतःच एकदा यावर वेगळं उत्तर शोधलं होतं. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष राफाएल कोरेआ यांनी जगापुढे प्रस्ताव ठेवला. यासुनीच्या एका टोकाला जमिनीखाली ८४.६ कोटी पिंपं तेल आहे. ते आम्ही काढत नाही, पण बुडणाऱ्या उत्पन्नाच्या निम्मे, म्हणजे ३.६ अब्ज डॉलर, जगाने आम्हाला द्यावेत. सहा वर्षांत प्रत्यक्ष हातात आले १.३ कोटी डॉलर. शंभर रुपये मागितले आणि चाळीस पैसेही मिळाले नाहीत, असा हिशेब. २०१३ मध्ये प्रस्ताव गुंडाळला आणि २०१६ पासून तिथे, ब्लॉक ४३ मध्ये, तेल निघायला लागलं.

त्या ८४.६ कोटी पिंपांचा आवाका केवढा? जग रोज दहा कोटी पिंपांच्या आसपास तेल वापरतं. म्हणजे सगळं तेल काढलं तरी जगाला ते नऊ दिवसही पुरणार नाही.

देशातल्या तरुणांनी ‘यासुनिदोस’ नावाने एकत्र येऊन सार्वमतासाठी साडेसात लाखांवर सह्या जमवल्या. निवडणूक यंत्रणेने त्यातल्या लाखो बाद ठरवल्या. खटले चालले, दहा वर्षं गेली आणि अखेर २० ऑगस्ट २०२३ ला मतदान झालं. सुमारे ५९ टक्के लोकांनी तेल जमिनीतच राहू द्या म्हणून कौल दिला. म्हणजे ‘मूठभर लोकांसाठी’ हा आक्षेप आता तसा उरत नाही. निर्णय अख्ख्या देशाने दिला आहे, किंमत माहीत असताना दिला आहे.

अंमलबजावणी मात्र रखडली. दोनशेच्या वर विहिरी आहेत. सर्वोच्च पातळीवरच्या घटना न्यायालयाने वर्षभराची मुदत दिली होती. वर्ष संपताना, ऑगस्ट २०२४ मध्ये, सरकारने पहिली विहीर बंद केली आणि बाकीच्यांना पाच वर्षांहून जास्त काळ लागेल असं सांगितलं.

## सगळे वाओरानी तेलाच्या विरोधात आहेत का?

नाहीत. तेलाच्या भागातल्या काही वाओरानी गावांना कंपनीकडून नोकरी, बोटीचं इंधन, दवाखाना, शाळेची इमारत मिळते आणि ती गावं तेल चालू राहावं म्हणतात. २०२३ च्या मतदानातही ज्या पूर्वेकडच्या ओरेयाना आणि सुकुंबियोस प्रांतांत तेल निघतं, तिथे जास्त मतं तेल चालू ठेवण्याच्या बाजूने पडली.

मला यात विसंगती वाटत नाही. ज्या गावात सरकारचा डॉक्टर कधी आला नाही आणि कंपनीचा आला, त्या गावाने कंपनीला धरून राहावं हे समजण्यासारखं आहे. दोष असेल तर तो सरकारचा. दवाखाना हा नागरिकाचा हक्क आहे, तो जमिनीच्या बदल्यात द्यायची वस्तू नव्हे. आणि वेगवेगळी मतं असणं हे तर नीट विचारण्याचं आणखी एक कारण झालं.

## स्पॅनिश शिकले की प्रश्न मिटला, नाही का?

तरुण वाओरानी स्पॅनिश शिकतातच. नेमोंते दोन्ही भाषा बोलते, जगभर फिरते. पण निर्णय ज्यांच्याशिवाय होत नाही ते पिकेनानी वाओ तेरेरोत विचार करतात. आणि नकाशावरच्या त्या दहा हजार जागा स्पॅनिशमध्ये आणल्या तर उरेल काय? ‘ओढा’, ‘ओढा’, ‘झाड’, ‘झाड’. आपल्या गावच्या शिवाराचा विचार करा. वडाचा माळ, खालची पट्टी, म्हसोबाचं रान. तलाठ्याच्या दप्तरात त्याचा गट नंबर होतो. गट नंबराने जमीन मोजता येते, विकताही येते. तिथे पाणी कुठे साचतं आणि साप कुठे निघतो, हे मात्र जुन्या नावांनाच माहीत असतं.

## आणि ज्यांना विचारताच येत नाही?

आता सुरुवातीच्या बातमीकडे परत. तागाएरी आणि तारोमेनाने हे यासुनीत एकांतात राहणारे दोन गट. तागाएरी वाओरानींचेच भाऊबंद. १९६० च्या दशकात बाकीची कुळं मिशनकडे गेली तेव्हा तागाए नावाच्या माणसाची माणसं उलट दिशेला, रानात आणखी आत निघून गेली. तारोमेनाने त्यांच्याशी मिळतीजुळती भाषा बोलतात. ‘जगाला माहीत नसलेले’ असं त्यांच्याविषयी लिहिलं जातं, ते चूक आहे. जग त्यांना चांगलं माहीत आहे. म्हणून तर ते लांब राहतात.

१९८७ मध्ये तेल कंपनीची माणसं त्यांच्या भागात शिरणार होती. त्यातून रक्तपात होईल या काळजीने बिशप आलेहांद्रो लाबाका आणि सिस्टर इनेस आरांगो आधी जाऊन बोलावं म्हणून हेलिकॉप्टरने तागाएरींच्या वस्तीत उतरले. दोघांची शरीरं नंतर भाल्यांनी भरलेली सापडली. लाबाका वाओ तेरेरो बोलत होते, वाओरानी त्यांना आपला माणूस मानत. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ज्यांना बोलायचंच नाही, त्यांच्याशी कुठल्याच भाषेत बोलता येत नाही. २००३, २००६ आणि २०१३ मध्ये या एकांतातल्या लोकांची हत्याकांडं झाली. २०१३ च्या हल्ल्यात दोन लहान मुली पळवून बाहेर आणल्या गेल्या. रस्ते, लाकूडतोडे आणि तेलाची यंत्रं जवळ सरकली तसा रानात माणसांमधला ताण वाढत गेला होता. याच घटनांवरून आंतर-अमेरिकी न्यायालयाने इक्वेडोरला जबाबदार धरलं.

२००८ च्या राज्यघटनेत या लोकांसाठी वेगळं कलम आहे. त्यांच्या मुलखात काहीही खणायचं नाही. मोडलं तर तो वंशसंस्कृतीच्या संहाराचा गुन्हा. मग त्यांच्या संमतीचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की एकांतात राहण्याचा निर्णय आणि परक्यांना दूर ठेवणं, हेच त्यांचं उत्तर समजावं.

ते उत्तर रानात लिहिलेलंही असतं. यासुनीत जाणाऱ्या शिकाऱ्यांना, लाकूडतोड्यांना पायवाटेवर कधीकधी दोन भाले आडवे, एकमेकांवर फुली करून रोवलेले दिसतात. ताडाच्या लाकडाचे, टोकाशी खाचा पाडलेले, पिसांनी सजवलेले. ज्याला वाओ तेरेरोचा एक शब्दही येत नाही, तोही तिथून मागे फिरतो.